कॅसल नावाचा वाडा

भारतातून पाहुणे आले की मिल्टन कीन्सच्या मराठी घरांत एक यादी निघते. पहिल्या शनिवारी लंडन, दुसऱ्या शनिवारी ऑक्सफर्ड नाहीतर स्ट्रॅटफर्ड, आणि मग कोणीतरी म्हणतेच, "इकडचा एखादा किल्ला दाखवा की!" १९६७ साली वसवायला घेतलेल्या आपल्या या शहरात राउंडअबाउट मुबलक, पण पाहुण्यांना दाखवावा असा किल्ला नाही. मग ओल्नीच्या पलीकडे, साधारण पंधरा मैलांवर, नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये 'कॅसल ॲशबी' हे नाव सापडते आणि मंडळी गाडीत बसतात. तिथे पोचल्यावर प्रश्न ठरलेले असतात. तट कुठे आहे? खंदक कुठे आहे? आणि शेवटी निकाल लागतो : "आपल्या रायगडापुढे हे काहीच नाही."

रायगडापुढे हे काहीच नाही, हे अगदी खरे. पण ही तुलनाच मुळात गैरलागू आहे. कॅसल ॲशबी हा किल्ला नाही, वाडा आहे. तो वाडा म्हणून पाहिला तर त्याच्यात पाहण्यासारखे, आवडण्यासारखे आणि नावे ठेवण्यासारखेही पुष्कळ आहे. मी ही वास्तू वेगवेगळ्या ऋतूंत बऱ्याच वेळा पाहिली आहे. वास्तुकला हा माझा व्यवसाय नव्हे. पण नाटक पाहून आपण मत देतो, तसे इमारत पाहूनही द्यायला हरकत नसावी. हा लेख म्हणजे ते मत.

आधी नावाचा उलगडा करू. या जागी एकेकाळी खरोखरच गढी होती. १३०६ साली वॉल्टर लँग्टन नावाच्या बिशपला इथल्या घराला तटबंदी करण्याचा राजाचा परवाना मिळाला. त्या काळी आपल्या घराच्या भिंतीवर चऱ्या उभारायच्या तर राजाची परवानगी लागे. कारण उघड आहे : आज घराला तट घालणारा सरदार उद्या त्याच तटामागून राजाशी भांडू शकतो. पुढे ती गढी पडझडीला आली. १५१२ साली जहागीर कॉम्प्टन घराण्याकडे गेली आणि १५७४ मध्ये हेन्री कॉम्प्टन यांनी आजच्या वास्तूचे काम सुरू केले. गढी गेली, नाव मागे उरले. आपल्याकडे नाही का, ज्या गावात आता नुसता मातीचा ढिगारा आहे तिथेही लोक 'गढीवर जाऊन येतो' म्हणतात!

म्हणजे आपण जे पाहायला जातो ते राणी पहिली एलिझाबेथ हिच्या काळातले घर आहे. युरोपात त्या काळाला रेनेसाँ म्हणतात, आपण प्रबोधनकाळ म्हणतो. प्राचीन रोमच्या खांबांचा, कमानींचा, प्रमाणांचा इटलीत नव्याने अभ्यास झाला आणि ती दृष्टी हळूहळू सगळ्या युरोपात पसरली. गंमत अशी की, या प्रबोधनकाळाची एक मोठी वास्तू आपल्यापैकी अनेकांनी लहानपणीच पाहिलेली असते, फक्त तिला त्या नावाने कोणी ओळखत नाही. ती म्हणजे वसईचा किल्ला.

गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई १५३४ च्या तहात पोर्तुगीजांना मिळाली आणि त्यांनी तिथे दहा बुरुजांचा कोट उभारला. ते बुरूज सिंहगडाच्या बुरुजांसारखे गोल नाहीत; बाणाच्या टोकासारखे कोनदार आहेत. तोफा आल्यावर उंच, गोल बुरूज निरुपयोगी ठरू लागले. गोल बुरुजाच्या पायथ्याशी शत्रूला लपायला जागा मिळते. कोनदार बुरुजाच्या दोन्ही बाजूंवर शेजारच्या बुरुजावरून मारा करता येतो. ही भूमिती इटलीतल्या प्रबोधनकाळाची. चित्रकार आणि शिल्पकार जिथे प्रमाणांचा विचार करीत होते, तिथेच तोफेच्या माऱ्याच्या रेषाही कागदावर आखल्या जात होत्या. इंग्लंडमध्येही स्कॉटलंडच्या सीमेवरील बेरिक गावाभोवती १५५८ पासून असेच कोनदार बुरूज बांधले गेले. वसई घ्यायला १७३९ मध्ये चिमाजी अप्पांना किती दिवस झुंजावे लागले, किती सुरुंग लावावे लागले, हे आपण इतिहासात वाचलेलेच आहे. ती भूमिती किती पक्की होती त्याचा हा पुरावाच म्हणायचा.

आता त्याच शतकातल्या कॅसल ॲशबीकडे पाहा. इथे प्रबोधनकाळ युद्धासाठी आलेला नाही, शोभेसाठी आला आहे. ट्यूडर राजांनी सरदारांची आपसांतली युद्धे मोडून काढल्यावर देशाच्या मध्यभागात कोणाला तटाची गरज उरली नाही. सरदाराची प्रतिष्ठा आता फौजेवर नव्हे, तर राणीच्या मर्जीवर अवलंबून होती. राणी दर उन्हाळ्यात लवाजम्यासह दौऱ्यावर निघे आणि सरदारांच्या घरी मुक्काम करी. तिला उतरवून घेता यावे म्हणून सरदारांनी अवाढव्य घरे बांधली. जॉन समरसन या वास्तुकलेच्या इतिहासकाराने अशा घरांना 'प्रॉडिजी हाऊस' असे नाव दिले. आपण त्यांना 'अचाट घरे' म्हणू. त्यांत भिंतीपेक्षा काच जास्त. ज्या भिंतीला एवढ्या मोठ्या खिडक्या आहेत, ती भिंत तोफेला काय, दगडफेकीलाही टिकायची नाही! मालकाला नेमके हेच सांगायचे असते : मला कोणाची भीती नाही, आणि काच परवडते.

असे सांगतात की कॅसल ॲशबीचा आराखडा इंग्रजी 'ई' अक्षरासारखा आहे आणि तो एलिझाबेथच्या सन्मानार्थ केला. गोष्ट गोड आहे, पण मला ती फारशी पटत नाही. मध्ये मुख्य सोपा, दोन्ही टोकांना पुढे आलेले दोन पंख आणि मध्यावर देवडी, एवढे केले की 'ई' आपोआप तयार होतो. दरबारी माणसाने नंतर त्यात राणीचे नाव वाचले असेल, तर ते त्याचे चातुर्य.

माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. इटलीतली ही वास्तुकला नॉर्थॅम्प्टनशायरच्या गवंड्यापर्यंत पोचली कशी? त्या गवंड्याने रोम पाहिले नव्हते. त्याच्या मालकानेही बहुधा नाही. ती पोचली पुस्तकांतून. सेर्लियो या इटालियन वास्तुकाराचे सचित्र ग्रंथ युरोपभर फिरत होते. १५६३ मध्ये जॉन शूट याचा वास्तुकलेवरचा इंग्रजीतला पहिला ग्रंथ निघाला. फ्लँडर्समधून नक्षीच्या नमुन्यांची पुस्तके येत. मालक पुस्तक उघडून दाखवी, 'मला हा खांब पाहिजे', आणि गवंडी आपल्या पिढीजात पद्धतीच्या घरावर तो खांब चढवी. दिवाळी अंकातली पाककृती वाचून पदार्थ करावा आणि चव मात्र आपल्या आईच्या हातची यावी, तसा हा प्रकार.

याचा उत्तम नमुना पाहायचा तर कॉर्बीजवळच्या कर्बी हॉलला जावे. मिल्टन कीन्सहून तासाभराचा रस्ता आहे. १५७० साली सर हम्फ्री स्टॅफर्ड यांनी ते घर बांधायला घेतले, १५७५ मध्ये ते वारले आणि घर राणीच्या लाडक्या सर ख्रिस्तोफर हॅटन यांनी विकत घेतले. त्यांनी ते राणीसाठी सजवले. राणी काही आली नाही. आज त्याचा बराच भाग छपराविना उभा आहे. त्याच्या चौकात भिंतीला चिकटलेले सपाट खांब जमिनीपासून थेट गच्चीच्या कठड्यापर्यंत गेले आहेत. इंग्लंडमधले अशा प्रकारचे हे अगदी सुरुवातीचे खांब. चौकाची समोरची बाजू नीट पाहिली तर देवडीच्या दोन्ही अंगांना सारख्याच उंच खिडक्या दिसतात. एका बाजूच्या खिडक्यांमागे खरोखरच उंच दिवाणखाना आहे. दुसऱ्या बाजूला बाहेरून खिडक्या तशाच, पण आत दिवाणखाना नाही, दोन मजल्यांवरच्या खोल्या आहेत. जुन्या इंग्रजी घरात दिवाणखाना एका अंगाला आणि स्वयंपाक-कोठारे दुसऱ्या अंगाला असत. नवीन फॅशनला हवी होती दोन्हीकडे सारखी दिसणारी दर्शनी बाजू. घरातली रीत बदलायची नव्हती आणि बाहेरचे रूप तर बदलायचे होते, म्हणून ही तडजोड.

काही टीकाकार याला खोटेपणा म्हणतात. शुद्ध इटालियन मापदंड लावला तर तो आहेच. पण हा मापदंड लावायचा कशाला, असे मी विचारतो. पुण्याचा विश्रामबागवाडा आठवा. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या त्या वाड्याच्या दर्शनी बाजूला कोरीव लाकडी सुरूचे खांब आहेत. तो सुरू आणि त्यावरची पाकळ्यांची महिरप मराठी सुतारांनी मुघल इमारतींवरून घेतली. मुघलांनी ती दगडात केली, आपल्या लोकांनी सागात केली. ज्या दिल्लीशी आपण झगडलो, तिच्याच खांबाने आपण आपला सोपा सजवला. पण आत चौक, ओसरी, माजघर, देवघर ही रचना आपलीच राहिली. विश्रामबागवाड्याला कोणी 'अशुद्ध मुघल' म्हणत नाही. आपण त्याला मराठा शैलीच म्हणतो. मग कर्बी हॉलला 'अशुद्ध इटालियन' का म्हणावे? उसने काय घेतले यापेक्षा, घेतलेल्या वस्तूचे घरात काय झाले, हे पाहायला हवे.

याच कसोटीवर कॅसल ॲशबीचा सर्वांत प्रसिद्ध भाग मात्र माझ्या मते उणा पडतो. घराच्या दोन पंखांमधला चौक मुळात दक्षिणेला उघडा होता. सुमारे साठ वर्षांनी त्या उघड्या बाजूवर एक दोनमजली आडवी इमारत घालून चौक बंद केला. इंग्रजीत तिला स्क्रीन म्हणतात. आपण पडदी म्हणू. ती इनिगो जोन्स यांची, असे पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत, पण अभ्यासकांना त्याविषयी शंका आहे. जोन्स यांचा जन्म १५७३ चा, म्हणजे हे घर सुरू झाले तेव्हा ते तान्हे बाळ होते. १६१३-१४ मध्ये इटलीत हिंडून, प्राचीन अवशेषांचा अभ्यास करून ते परतले आणि लंडनमध्ये १६१९ ते १६२२ या काळात त्यांनी व्हाइटहॉलचे बँक्वेटिंग हाऊस बांधले. खऱ्या अर्थाने इटालियन प्रमाणांची इमारत इंग्लंडने पाहिली ती तेव्हा. अशा माणसाचे नाव आपल्या घराला चिकटावे असे कोणाला वाटणार नाही? आपल्याकडेही प्रत्येक जुन्या देवळाला हेमाडपंताचे नाव लावतातच की.

नाव बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर ही पडदी एकटी सुरेख आहे. शांत, मोजून-मापून केलेली, अंगावर येणारी नाही. पण ती घराशी बोलत नाही. मागे एलिझाबेथकालीन घर उंच मनोऱ्यांनी आणि धुराड्यांनी आपल्या धांदलीत उभे आहे, आणि पुढे ही इस्त्रीचे कपडे घालून उभी. शिवाय चौकाचे स्वरूपच तिने बदलून टाकले. उघडा चौक येणाऱ्याला हात पसरून आत घेतो. बंद चौकात आधी दारावर थांबावे लागते. वाड्यातला बंद चौक आपल्याला आवडतो, कारण तिथे माणसे राहतात, बायका धान्य निवडतात, मुले खेळतात, पाऊस पडतो. इथला चौक तसा राहता चौक कधीच नव्हता. बंद केल्यावर तो घराच्या दोन काळांमधली मोकळी फट झाला. कर्बी हॉलच्या गवंड्याने उसना खांब घरात मुरवला. इथे उसनी भिंत घरासमोर नेऊन ठेवली. अधिक शुद्ध भाग अधिक चांगला असतोच असे नाही, याचे हे उदाहरण.

हे सारे बांधायला पैसा कुठून आला, त्याची कथा तर नाटकाला शोभेल अशी आहे. हेन्री कॉम्प्टन यांचा मुलगा विल्यम याने १५९९ मध्ये लंडनचे माजी मेयर आणि गडगंज व्यापारी सर जॉन स्पेन्सर यांची एकुलती एक मुलगी एलिझाबेथ हिच्याशी बापाच्या मर्जीविरुद्ध लग्न केले. त्याने तिला पाव विकणाऱ्याच्या टोपलीत लपवून पळवले, अशी दंतकथा आहे. १६१० मध्ये सासरा वारला आणि ती सगळी संपत्ती या घरात आली. या बाईंनी नवऱ्याला लिहिलेले एक पत्र इंग्रजी पत्रवाङ्मयात प्रसिद्ध आहे. स्वतःचा वार्षिक तनखा, घोडे, बग्ग्या, दासी, कपडे या साऱ्यांची तपशीलवार मागणी तिने त्यात केली आहे; आणि शेवटाकडे बजावले आहे की कर्जे फेडा, ॲशबीचे घर पुरे करा, जमिनी घ्या. गमतीची गोष्ट म्हणजे ती त्याला 'ॲशबी हाऊस' म्हणते, कॅसल म्हणत नाही. ज्या बाईच्या माहेरच्या पैशावर घर उभे राहिले, तिला ते घर आहे हे पक्के ठाऊक होते.

आणि आता मला सगळ्यांत आवडणाऱ्या भागाकडे येतो. किल्ल्याच्या भिंतीवर जिथे चऱ्या असतात, तिथे या घराच्या माथ्यावर अक्षरे आहेत. दगडात कोरलेली नव्हेत, तर दगडातून कापून आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभी केलेली मोठमोठी लॅटिन अक्षरे. तीच गच्चीचा कठडा झाली आहेत. मधूनच १६२४ हे सालही वाचता येते. मजकूर बायबलमधल्या १२७ व्या स्तोत्रातला आहे. माणसाने कितीही राबून घर बांधले आणि कितीही जागून पहारा केला, तरी ईश्वराचा हात नसेल तर ते व्यर्थ आहे, असा त्याचा भाव.

जरा विचार करा. १३०६ मध्ये याच जागी चऱ्या उभारण्यासाठी राजाचा परवाना घ्यावा लागला होता. १६२४ मध्ये त्याच चऱ्यांच्या जागी 'पहारा व्यर्थ आहे' असे सांगणारी अक्षरे बसवली गेली. किल्ल्याचे घर कसे झाले, हे याहून नेमके कुठलाही मार्गदर्शक सांगू शकणार नाही. रोमन अक्षरांचे वळण प्रबोधनकाळाचेच, म्हणजे तेही उसने. पण इथे ते नुसते चिकटवलेले नाही, कामाला लावले आहे : तेच कठडा, तीच नक्षी आणि तोच उपदेश. आपल्याकडे दारावरच्या गणेशपट्टीला जे स्थान, ते या अक्षरांना. धनाढ्य माणसाने अफाट खर्च करून बांधलेल्या घराच्या माथ्यावरच 'हे सारे माझे कर्तृत्व नाही' असे लिहावे, यात नम्रता किती आणि मिरवणे किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला दोन्ही दिसतात, आणि म्हणूनच ते खरे वाटते.

पुढच्या काळात घराभोवती बरेच थर चढले. १७६० च्या दशकात 'केपेबिलिटी' ब्राउन याने जुन्या रेखीव बागांच्या जागी तळी आणि हिरवळी आणल्या. नंतर १८६० च्या दशकापासून मॅथ्यू डिग्बी वायट याने इटालियन पद्धतीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा आणि ऑरेंजरी केली. हा वायट आपल्याला परका नाही. तो ईस्ट इंडिया कंपनीचा सर्व्हेयर होता, आणि लंडनच्या इंडिया ऑफिसमधला, आज दरबार कोर्ट म्हणून ओळखला जाणारा चौकही त्यानेच सजवला. तोवर इटालियन शैली इंग्लंडला अगदी पाठ झाली होती. वायटच्या कामात चूक काढायला जागा नाही, पण कर्बीच्या गवंड्याची धडपडही नाही. पाठांतर आले की उच्चार सुधारतात आणि बोलण्यातला जीव कमी होतो, तसे काहीसे झाले.

हे सगळे आपल्याला कशाला हवे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे. आपली मुले इथल्या शाळेत ट्यूडर राजांविषयी शिकतात आणि सुट्टीत पुण्याला जाऊन शनिवारवाडा पाहतात. एका ठिकाणी त्यांना वाटते की हे भव्य आणि आपले पडके. दुसऱ्या ठिकाणी आपण मोठी माणसे सांगतो की आपलेच भव्य आणि इथले काहीच नाही. दोन्हींत पाहणे राहूनच जाते. शनिवारवाडा १७३० साली पायाभरणी झालेला वाडा. राहत्या घराला पुढे तट आणि हत्तीला रोखणाऱ्या खिळ्यांचा दिल्ली दरवाजा मिळाला. आतले घर १८२८ च्या आगीत गेले आणि आज मुख्यतः दिसतो तो तटच. म्हणजे तिकडे घर गेले आणि किल्ल्याचे रूप उरले. इकडे किल्ला गेला, घर आणि नाव उरले. मुलांना या दोन वास्तू शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या, तर कोण मोठे हा प्रश्न ती विचारणार नाहीत. कोणी कुणाकडून काय घेतले आणि त्याचे काय केले, हे विचारतील. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांना या प्रश्नाचा उपयोग आयुष्यभर आहे.

जाता जाता व्यवहाराचे दोन शब्द. कॅसल ॲशबीचे घर खासगी आहे, पण बागा तिकीट काढून पाहता येतात आणि माथ्यावरची अक्षरे बाहेरूनही वाचता येतात. दुर्बीण असेल तर बरोबर घ्या. ऊन असलेला दिवस निवडा, कारण अक्षरांच्या फटींतून आकाश निळे दिसले तरच मजा. जमल्यास आधी कर्बी हॉल पाहा, मग इकडे या. आणि पाहुण्यांना गाडीत बसण्यापूर्वीच सांगून ठेवा : आपण किल्ला नव्हे, वाडा पाहायला निघालो आहोत.